मी येल्लप्पाला माफ केलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बायकोला, शालनला, सांगायची वेळ आली नाही, कारण यातला अर्धा भाग तिच्याच हातून झाला होता. उरलेला अर्धा तिलाही ठाऊक नव्हता. ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली. म्हणजे सगळं ठाऊक असलेला माणूस आता एकच — मी. आणि माझं वय असं आहे की सकाळी डोळा उघडला की आधी त्याचंच नवल वाटतं.

युनियनची पोरं आली होती. पोरं म्हणजे तीही साठीची. स्मरणिका काढायची आहे म्हणाले. विषय त्यांनीच ठरवून आणला होता — गेटवरचं उपोषण. "महापौर साहेब, तुमी नुस्ती दोन पानं द्या, फोटो आमच्याकडं हाय." महापौर मी एका मुदतीपुरता होतो. पण सोलापुरात एकदा हाक चिकटली की चिकटली. भाजीवालासुद्धा "महापौर, वांगी घ्या की" म्हणतो आणि भाव काही कमी करत नाही.

दोन पानं लिहायला बसलो. चार दिवस बसतो आहे. उठतो, गच्चीवर जातो, खाली येतो, पंखा लावतो, बंद करतो. गच्चीवरून आमच्या गिरणीची चिमणी दिसते. गिरणी राहिली नाही, तिच्या जागी फ्लॅट झाले, चिमणी तेवढी उभी. ती दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून बसलो — तर मानेमागे ती आहेच असं वाटत राहिलं. असं होतं का तुम्हाला कधी?

ते फोटोचं सांगतो. त्या फोटोत मांडव आहे, मागे कापडी फलक आहे, गळ्यात हार घातलेला मी आहे. माझ्या डाव्या हाताला एक खांदा दिसतो आणि अर्धा कान. तो येल्लप्पा. दरवेळी छापताना तो कापला जातो. मी कधी कुणाला म्हटलं नाही की बाबा, अख्खा फोटो छापा.

येल्लप्पा मागावरचा कामगार. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. मी मूळचा केम गावचा. आगगाडीत बसून शहरात आलो, गिरणीत लागलो, चार बुकं शिकलेला म्हणून युनियनच्या ऑफिसात लिहायला बसलो आणि पुढे सरचिटणीस झालो. बोलायला मला येत होतं. माईक हातात आला की मी वेगळाच माणूस होतो, हे शालन म्हणायची. कौतुकाने म्हणायची की कसं, ते मी विचारलं नाही.

त्या साली मालकाने सगळे बदली कामगार काढून टाकले. बदली म्हणजे ज्यांचं नाव कायम यादीत नाही असे लोक. रोज सकाळी गेटवर येऊन उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर डबा तसाच घरी. वर्षानुवर्षं असे उभे राहिलेले लोक होते. त्यांना एका सकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. येल्लप्पाच्या बायकोचा भाऊ, व्यंकटेश, त्यांच्यातलाच. येल्लप्पा स्वतः कायम होता, त्याच्या नोकरीला काही धक्का नव्हता.

मी आमरण उपोषण जाहीर केलं. गेट मीटिंगमध्ये बोलता बोलता तोंडातून गेलं, आधी ठरवलंही नव्हतं. टाळ्या पडल्या आणि मग माघार कशी घ्यायची? दुसऱ्या दिवशी मांडवात गेलो, तर येल्लप्पा आधीच सतरंजी झटकत होता.

"तू काय करायलास बे इथं?"

"तुमी बसलाव म्हनल्यावर मी बी बसतो की भाऊ. एकट्याला करमंल का तुमाला? आनी आमच्या घरात उपासाचा सराव लई हाय."

मांडव हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, अगदी सहज, "तुमी उठशाल तवा मी उठतो. त्याच्या आदी न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

भूक काय असते ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं. लहानपणी दुष्काळात आम्ही अर्धपोटी राहिलो होतो. पण ती भूक वेगळी. तेव्हा समोर काही नसायचंच. इथे रस्त्यापलीकडे भज्यांची गाडी. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गाडीवरून माझी नजर हलेना. मला भीती वाटली. मरणाची म्हणाल तर नाही. मी लोकांसमोर रडेन, याची भीती वाटली. शालन मला बघायला आली होती, तिच्या कानाशी लागून मी म्हटलं — काहीतरी आण. एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं. ती पाहत राहिली. मग पदर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर आली आणि माझ्या हातात मशेरीची डबी ठेवली. मशेरी म्हणजे दात घासायची भाजलेली तंबाखू. आमच्याकडे बायाबाप्ये सगळे लावतात, उपोषणाला बसलेला माणूसही लावू शकतो, त्यात काही खाणं नाही. कुणाला काय वाटणार? डबीत शेंगाची चटणी होती. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, दाबून भरलेली, खाली गुळाचा खडा. कडक भाकरी तिने आणली नाही — ती मोडताना वाजते. हे तिला सुचलं होतं. माझ्या बायकोला माझ्यासाठी हे असलं सुचावं लागलं.

गेटच्या मागे कामगारांचा संडास होता. पाण्याचं टमरेल घेऊन मी तिकडे जायचो, बंडीच्या खिशात डबी. दार लावून, त्या वासात, उभ्याने, बोटाने चटणी चाटायचो. बाहेर घोषणा चालू असायच्या. माझ्याच नावाच्या. मग दातांत तिखटाचा लाल कण राहू नये म्हणून खरी मशेरी लावायची, तिची पुडी वेगळी होती. दात काळे करून मी मांडवात परत यायचो आणि येल्लप्पाच्या शेजारी आडवा व्हायचो.

रोज. डबी दिवसाआड बदलायची.

तुम्ही म्हणाल, बोटभर चटणीने काय होतं? मीही स्वतःला हेच म्हणायचो. सरकारी दवाखान्याचा एक तरुण डॉक्टर वजन करायला यायचा. माझं वजन उतरत होतं, पण हळू. येल्लप्पाचं भराभर. लोक म्हणायचे, भाऊ म्हणजे पोलाद. येल्लप्पाही म्हणायचा. एकदा मला म्हणाला, तोंड फार कोरडं पडलंय, "भाऊ, चिमटीभर मशेरी द्या की."

मी म्हटलं, संपली.

"कालच वैनी घेऊन आल्या की."

"संपली म्हटलं ना बे."

तो हसला. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. लईच तलप दिसालीय तुमाला." आणि कूस वळवली. खिशात खरी मशेरीही होती, पण पुडी काढताना डबी बाहेर येईल असं मला वाटलं. त्याला वास आला असेल का, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला विचारलं. आला असावा, अशी इच्छाच होती म्हणा. त्याला कळलेलं असतं आणि तो गप्प राहिला असता, तर माझं ओझं थोडं त्याच्याकडे गेलं असतं. पण नाही. त्याला कळलेलं नव्हतं. ते मला कसं समजलं ते पुढे येईल.

इथवर लिहून काल मी थांबलो होतो. वाटलं, एवढं पुरे. म्हातारा खोटं उपोषण करत होता, संडासात चटणी खात होता — लोक हसतील, चार दिवस बोलतील, संपेल. पण चटणी ही यातली सर्वांत छोटी गोष्ट आहे. मी मोठी गोष्ट टाळण्यासाठी छोटी कबूल करत होतो. ही सवय युनियनमध्येच लागते. वाटाघाटीत आधी काय सोडायचं, ते आम्हाला बरोबर कळतं.

दुसरा आठवडा लागला होता. भर दुपारी मजूर खात्याचे एक अधिकारी आले आणि मला मांडवामागे बाजूला घेऊन बोलले. मालक कबूल झाला होता. सगळे बदली सोमवारपासून पुन्हा गेटवर घेतले जातील. सगळे. कायम करायचं तेवढं नंतर बघू. एवढ्यावर उठा, ते म्हणाले, आणि तुमच्या त्या जोडीदाराला तर आजच उठवा, डॉक्टर मला काय बोलला ते सांगू का?

मी नाही म्हटलं.

का? मी या प्रश्नाभोवती इतकी वर्षं फिरतो आहे, तरी उत्तर अगदी साधं आहे. मला बरं वाटत होतं. पोटात चटणी होती, गूळ होता, वरून टाळ्या होत्या. मला वाटलं अजून चार दिवस सहज निघतील, मालक आणखी वाकेल, कायम करण्याचं लेखी मिळेल, आणि मग या शहरात माझ्यासमोर उभं राहायला कोण आहे? मी माझ्या पोटावरून येल्लप्पाच्या पोटाचा हिशेब केला. त्याला विचारलंसुद्धा नाही. तो तिथेच होता, कापडाच्या पलीकडे.

मी माईक घेतला आणि सांगितलं की मालक अजून हललेला नाही. आणि म्हणालो, "आम्ही दोघंही उठणार नाही." दोघंही. डॉक्टर येल्लप्पाची नाडी धरून बसला होता, त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी हसून म्हटलं, "डॉक्टर, काळजी करू नका, तो माझ्यापेक्षा पक्का आहे." येल्लप्पाने ते ऐकलं. त्याचा चेहरा — मी आता लिहू शकत नाही. तो खूश झाला. एवढंच लिहितो. तो फार खूश झाला.

दोन दिवसांनी सकाळच्या घोषणांना हात वर करायला म्हणून तो उठला आणि मांडवाच्या बांबूवर कोसळला. त्याला उचलून नेलं, सलाईन लावलं. मीही उठलो. येल्लप्पा पडला आणि मालकाला आमचा दम किती ते कळलं. आता त्याने फक्त जुने बदली घ्यायचं कबूल केलं. मागच्या काही वर्षांतले, कोवळे, लेकुरवाळे, ते सगळे बाहेर. व्यंकटेश बाहेर. तो भिवंडीला गेला, मागावर, आणि नंतर कुठे गेला ते घरच्यांनाही नीट कळलं नाही.

गेट मीटिंगला लोक चिडलेले होते. एवढ्यासाठी बसला होता का, असं कुणीतरी मागून ओरडलं. मी माईक धरला, आवाज बसलेला होता — तो मी थोडा आणखी बसवला — आणि म्हणालो, "साथीदाराच्या जिवापुढं मला मागणी मोठी वाटली नाही." मग टाळ्या. बायका डोळे पुसत होत्या. त्या एका वाक्याने मी नगरसेवक झालो आणि पुढे महापौर. आणि त्याच वाक्याने गिरणीतल्या प्रत्येक माणसाला सांगितलं की व्यंकटेशची आणि बाकीच्यांची रोजी कुणामुळे गेली.

मी नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजच ठेवली नव्हती.

येल्लप्पा जगला. पण त्याच्या बोटांत मुंग्या यायच्या त्या गेल्या नाहीत, हात थरथरायचे. मागावर धागा तुटला की क्षणात सांधावा लागतो, ते त्याला जमेना. दोन दिवस दम धरला असतास तर, हे त्याला कुणी चहाच्या गाडीवर ऐकवायचं, कुणी लग्नाच्या पंगतीत. चेष्टेत. "येल्लप्पा, जेव बे पोटभर, न्हायतर पडशील." तो हसायचा. त्याची नोकरी गेली. मी महापौर झालो तेव्हा पालिकेच्या बागेत त्याला रोजंदारीवर राखणदार लावलं. सगळे म्हणाले, भाऊ माणसं विसरत नाहीत. माझी गाडी बागेवरून जायची तेव्हा तो फाटकात उभा राहून सलाम करायचा. मी काच खाली करायचो. कधी कधी करायचो नाही.

महापौराच्या दालनात पाहुणे यायचे, मंत्री, बाहेरगावचे अधिकारी. त्यांना सोलापूरची ओळख म्हणून चादर आणि शेंगाचटणीचं पाकीट द्यायची पद्धत होती. फोटो काढताना ते पाकीट मी दोन हातांनी पुढे करायचो. घरी मात्र शालनने त्या उपोषणानंतर माझ्या ताटात चटणी कधी वाढली नाही. सोलापूरचं घर, आणि ताटात चटणी नाही. पोरांना वाढायची, मला नाही. मी मागितली नाही. आम्ही त्यावर एक शब्दही बोललो नाही — चाळीस वर्षांच्या संसारात.

गेल्या वर्षी येल्लप्पा आजारी पडला. त्याची मुलगी रेणुका मला घ्यायला आली. अप्पा तुमची सारखी आठवण काढतात म्हणाली. मी गेलो. तो वाळून एवढासा झाला होता. रेणुका आणि तिची आई दारात उभ्या होत्या. त्याने माझा हात धरला, थरथरणाऱ्या हातांनी, आणि म्हणाला —

"भाऊ, माज्यामुळं कमी पडलं तवा. मी कच्चा निगालो. तुमी बसले असते अजून. तुमी लई दिवस बसले असते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवडं मनात ठिवू नका."

त्याला काहीही कळलेलं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. आणि आता ऐका, कारण हे सगळं मी या एका वाक्यापर्यंत यायला लिहिलं आहे. खोलीत तीन माणसं ऐकत होती. मला बोलता आलं असतं. मला फार बोलावंही लागलं नसतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, येल्लप्पा. मी तुला कधीच माफ केलंय."

मी त्याला माफ केलं.

त्याने डोळे मिटले. दोन दिवसांनी गेला. दिवसकार्य झाल्यावर रेणुका घरी आली, म्हणाली, "तुमी बोलल्यावर त्यास्नी झोप लागली, काका. किती वर्षांनी." मी मान हलवली. मला वाटलं — पाहा, हेही मला वाटलं — की बरंच झालं, खोटं का होईना, पण त्याला झोप लागली. महिनाभर मी त्या विचारावर राहिलो. पण ती झोप मीच पळवलेली होती. ती थोडीशी परत दिली आणि वर दात्यासारखा मान हलवत बसलो.

इथवर लिहून झाल्यावर हे सगळं मी रेणुकाला बोलावून वाचून दाखवलं. छापायच्या आधी तिला कळायला हवं होतं. ती अंगणवाडीत शिकवते, शांत बाई आहे. ऐकताना तिने एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाली, "मामा गेल्यावर आई रडायची. मी तवा शाळेत होते. एकदा मी अप्पांना म्हनले, तुमी दोन दिवस अजून बसले असते तर मामा हितंच ऱ्हायला असता. अप्पा ताटावरून उठले फक्त."

ती उठली, पायात चप्पल घातली. दारात म्हणाली, "छापा. आईला मी सांगते. तुमी घरी येऊ नका."

स्मरणिकेच्या पोरांना हे पान आवडणार नाही. तरी त्यांना मी इतकंच लिहून देतो, आणि फोटो अख्खा द्यायला सांगितला आहे. सगळे बदली परत येणार होते, ते माझ्यामुळे आले नाहीत. येल्लप्पा अगोदर पडला असं आजवर सांगितलं गेलं, मी ते सांगू दिलं. तो माझ्या अगोदर पडायला आम्ही दोघं बसलेले असायला हवं होतं. त्या मांडवात उपोषणाला येल्लप्पा एकटा बसला होता.